बर्फाक्का

भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा आक्कांनी मला आधी चालून दाखवायला सांगितलं.

मी निपाणीकडचा. बेळगावातल्या एका हायस्कुलात इंग्रजी आणि भूगोल शिकवायला नुकताच लागलो होतो. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे, असं शाळेच्या शिपायाकडून कळलं होतं. घरमालकीण पन्नाशीच्या, बुटक्या, काटक अंगाच्या. हातात स्वतःच्या खांद्याएवढी काठी. जात, गाव, पगार, लग्न, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. अंगणाच्या एका टोकाला मला उभं केलं आणि म्हणाल्या, "मास्तर, त्या तुळशीपतोर जाऊन माघारी या बघू."

मी गेलो आणि आलो.

"टाच लई आपटता," त्या म्हणाल्या. "पर सुधारशीला. ऱ्हावा."

त्या घरात मी चार वर्षं राहिलो. माझी टाच काही सुधारली नाही, हे त्यांनी मी घर सोडताना सांगितलं.

आक्कांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि दहाला संपायचा. धुणं, पाणी, दळण, बाजार, कुणाकडे समाचाराला जायचं असलं तर तेसुद्धा, सगळं दहाच्या आत. दहानंतर त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. कारण विचारलं तर म्हणत, "दहानंतर बर्फ मऊ पडतंय. पाय आत जातोय." हे त्या भर वैशाखात सांगत, गल्लीतली कुत्री गटारात बसून धापा टाकत असताना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही थांबलो.

चालताना काठी आधी पुढे टेकायची, जरा दाबायची, मग पाऊल. खडेबाजारातली दगडी फरशीसुद्धा त्यांनी कधी विश्वासावर तुडवली नाही. घरासमोरच्या गटारावर एक फळी टाकलेली होती. तिच्यावरून एका वेळी एकाच माणसानं यायचं आणि त्याचा पाय अलीकडे टेकेपर्यंत दुसऱ्यानं फळीला हातही लावायचा नाही, असा नियम होता. एकदा हळदीचं बोलावणं घेऊन अकरा बायका वाजतगाजत आल्या. त्या एकेक करून फळी ओलांडेपर्यंत सनईवाल्याचा दम संपला आणि तो कट्ट्यावर बसून पान खात राहिला.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला त्या गल्लीतल्या बायकांना घेऊन जात, तेव्हा सगळ्यांच्या कमरेला एकच दोर बांधत. बाकीच्या गल्ल्या हसत. पण दरवर्षी बाकीच्या गल्ल्यांतली दोन-तीन माणसं जत्रेत हरवत आणि आमच्या गल्लीतलं कुणी हरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एका वर्षी तर निघताना सात होत्या आणि परतताना आठ झाल्या. आठवी हुक्केरीकडची होती. आपली माणसं सापडेनात, समोर दोर दिसला, तिनं तो कमरेला बांधून घेतला. बेळगावात आल्यावर ती कोण हे चौकशीत निघालं.

गल्ली त्यांना बर्फाक्का म्हणायची. अर्थात माघारी.

त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही खानापूर तालुक्यातलं, भाताच्या शेतीचं. नवरा पलटणीत शिपाई होता. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेला तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरी राबायचंच, तर कँपात साहेबाच्या घरी राबू, असं म्हणून त्या बेळगावला आल्या आणि एका साहेबाच्या दोन पोरांच्या आया झाल्या. पुढे साहेबाची मडम एका हिवाळ्यात पोरांना घेऊन काश्मिरात गुलमर्गला गेली. बरोबर आक्काही गेल्या. तिथं सगळी साहेबमंडळी पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत. पोरंही शिकली.

"पोरं घसरत गेली की मागनं मला जायला पायजे," आक्का सांगत. आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. "चालत गेलो तर पोरं हाताला लागत न्हाईत. म्हणून मीबी शिकलो. लुगड्याचा काष्टा मारला की काय अडचण न्हाय."

आक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. डोंगराची हकीगत त्यांनी मला कधी सलग सांगितली नाही. कधी तांदूळ निवडताना एक दिवस सांगत, कधी वाकळ शिवताना दुसरा. मी जोडून घेतली ती अशी.

गुलमर्गचा हिवाळा सरला, चैत्र लागला. मडमेच्या डोक्यात आलं की, एक मोठा बर्फाचा डोंगर फळ्यांवरून पार करायचा, या खोऱ्यातून चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. पाच दिवसांचं काम. चैत्रात तिथं पहाटेचं बर्फ कडक असतं आणि हवा स्थिर असते, म्हणून तोच महिना. एक म्हातारा काश्मिरी वाटाड्या ठरला, दोन हमाल ठरले, पोरांना एका दुसऱ्या मडमेकडे ठेवलं. निघायच्या आदल्या दिवशी एका हमालाला ताप भरला. मडमेनं आक्कांना विचारलं, चहाचं सामान घेऊन पलीकडे येशील का?

आक्का हो म्हणाल्या. पलीकडे म्हणजे कुरणाच्या पलीकडे, असं त्यांना वाटलं होतं.

पहिला दिवस देवदाराच्या रानातून चढण्यात गेला. फळ्यांच्या खाली कातडं बांधलेलं, त्याचे केस मागच्या बाजूला वळलेले, त्यामुळे फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. "वासराच्या पाठीवरनं उलटा हात फिरवून बघा, तसं," आक्का म्हणायच्या. सायंकाळी गुराख्यांच्या रिकाम्या खोपीत उतरले. कुरण केव्हाच मागे पडलं होतं. तेव्हा आक्कांनी वाटाड्याला विचारलं, पलीकडं म्हणजे नक्की कुठं? त्यानं हात करून डोंगर दाखवला. आक्कांनी डोंगर बघितला आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी हिमनदीवर आली. आक्का तिला 'म्हातारं बर्फ' म्हणत. वरचं पांढरं ते यंदाचं, खालचं निळं ते कुणाच्या आज्यापणज्याच्या वेळचं. त्यात विहिरीसारख्या खोल भेगा असतात आणि भेगांवर नव्या बर्फाचं झाकण असतं, त्यामुळे दिसत नाहीत. म्हणून चौघांनी कमरेला दोर बांधला आणि पुढचा माणूस काठी मारत चालला. झाकणावरून जायचं तर एकेकानं, बाकीच्यांनी दोर ताणून उभं राहायचं.

तिसरा दिवस लख्ख उन्हाचा निघाला. मडम दिवसभर नकाशा काढत होती आणि काळ्या चष्म्यातून रेघा नीट दिसेनात म्हणून तिनं चष्मा काढून ठेवला. वाटाड्यानं दोनदा सांगितलं, आक्कांनी एकदा. आक्कांनी स्वतःचा पदर नाकापर्यंत ओढला होता आणि डोळ्यांखाली तव्याची काजळी लावली होती. चौथ्या दिवशी सकाळी मडम उठली ती डोळे सुजून. बर्फावरच्या उन्हानं जळलेले डोळे. तिला काहीच दिसेना.

आणि त्याच सकाळी धुकं उतरलं.

परत फिरायचं तर तीन दिवस, पुढे गेलं तर दीड. शिधा दोन दिवसांचा. पुढे जायचं ठरलं. शंभर पावलंही झाली नसतील, वाटाड्याच्या पायाखालचं झाकण फुटलं. तो काखेपर्यंत आत गेला. दोर ताठ होता म्हणून तिथंच अडकला. हमालानं आणि आक्कांनी त्याला ओढून काढला, पण गुडघा कामातून गेला होता.

"आता बघा," हे सांगताना आक्का सुई थांबवायच्या. "मडमेचं पाय धड, डोळं गेलेलं. वाटाड्याचं डोळं धड, पाय गेलेला. दोगं मिळून एक माणूस झालं. हमाल खाली बसून रडालता. आन मी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हमालाला उठवलं. बर्फात बसला की गेला."

वाटाड्याच्या फळ्या एकमेकींना बांधून त्यांनी त्याला वर बसवलं. तो हमालानं ओढायचा. मडमेनं मागून दोर धरून यायचं. पुढे आक्का, काठी मारत. पुढचं काही दिसत नव्हतं, पण वाटाड्याला वारा कळत होता. वारा डाव्या कानावर आला की तो मागून 'दायें' म्हणून ओरडायचा, आक्का उजवीकडे वळायच्या. काठी बुडाली की थांबायचं, बाजूला मारून बघायचं, लागली की पुढे. चिखलात भाताचा तरवा लावताना मुठी मोजतात तशा त्यांनी काठ्या मोजल्या. शंभर झाल्या की सगळ्यांना हाक मारायची आणि तिघांची उत्तरं आली की पुढचे शंभर. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच. मडम मधेच रडायला लागली. आक्कांचा हात हातात घेऊन म्हणाली, मी हे सगळं लिहीन, तू काय केलंस ते सगळं लिहीन. आक्का म्हणाल्या, मेमसाब, आधी चला.

मी विचारलं, भीती वाटली का?

"वाटली की. हमाल पळून जाईल म्हणून लई वाटली. पर त्यो दोराला बांधलेला हुता."

पाचव्या दिवशी ते पलीकडे उतरले. धुकं उठलं. मागे वळून बघितलं तर त्यांच्या फळ्यांच्या रेघा एका कड्याच्या काठानं आल्या होत्या. कड्यापासून रेघ किती लांब होती, हे आक्का हातानं दाखवत. दोन्ही हात पुरे पसरावे लागत नसत. खाली एक खेडं लागलं. "तिथं चा मिळाला," एवढं म्हणून आक्का हकीगत संपवत आणि पुन्हा सुई चालवायला लागत.

गल्लीचा यावर विश्वास नव्हता. जे थोडे ठेवत, त्यांना हकीगत आणखी रंगवायची असे. शेजारची एक म्हातारी दर वेळी विचारायची, वाटाड्याला वर काढायला नऊवारी लुगडं सोडून दिलं असशील ना गं?

"दोर हुता की," आक्का म्हणत. "दोर असताना शहापुरी लुगडं कशाला फाडू?"

म्हातारी हिरमुसून जायची.

आता शाळेचं. एका चैत्रात मी कट्ट्यावर बसून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्यानं वाचत होतो. हिमनदी म्हणजे अतिशय संथ गतीनं सरकणारा बर्फाचा प्रवाह. आक्का आतून आल्या.

"हे कुणी लिवलंय?"

मी पुस्तक दाखवलं.

"आवाजाचं लिवलं न्हाई. सांजच्याला ऊन गेलं की ती आतनं कण्हती. म्हातारं माणूस कूस बदलतंय तशी."

पुस्तकात आवाज नव्हता. हिमनदी मी बापजन्मात पाहिलेली नव्हती आणि ती रोज शिकवत होतो. जिनं तिच्यावर तीन दिवस काढले, ती बाई माझ्यासाठी भाकरी थापत होती. आक्कांनी एकदा वर्गात येऊन पोरांना सांगावं, असं माझ्या मनानं घेतलं. उन्हाळ्यात शाळा सकाळची असे, त्यामुळे दहाची अडचण नव्हती. आक्कांनी लगेच होकार दिला नाही. दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, येतो.

राहिले हेडमास्तर. आमचे हेडमास्तर सरळ गृहस्थ होते, पण कागदाशिवाय त्यांचं पान हलत नसे. स्वतःच्या जन्मावरसुद्धा त्यांचा विश्वास दाखला पाहिल्यानंतरच बसला असावा. मी परवानगी मागितली तर ते म्हणाले, "बाई खरं सांगतात हे कशावरून? मुलांपुढे काहीबाही नको. काही कागद आहे का?"

मी आक्कांना विचारलं. "हाय की," त्या म्हणाल्या. "मडमेनं जाताना लिवून दिलाय."

मडम आणि साहेब विलायतेला परत गेले तेव्हा तिनं आक्कांना एक चिठ्ठी दिली होती. आक्कांनी त्यानंतर नोकरी केली नाही, साठवलेल्या पैशांतून हे घर घेतलं, त्यामुळे चिठ्ठी कुणाला दाखवायची वेळच आली नव्हती. ती चहाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. मी वाचू का म्हटलं. आक्का म्हणाल्या, "तितंच वाचा. सगळ्यांच्या म्होरं." कागद आहे आणि तो वर्गातच उघडेल, एवढ्यावर हेडमास्तरांनी परवानगी दिली.

वर्गात त्या अकरा मिनिटं बोलल्या. मी तोवर कधी पाहिला नव्हता इतका तो वर्ग गप्प होता. हेडमास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. आक्का 'चा मिळाला'पर्यंत आल्या आणि थांबल्या. मग त्यांनी कनवटीची चिठ्ठी काढून माझ्याकडे दिली. मी ती उघडायच्या आत हेडमास्तरांनी हात पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी करून सांगितलं.

"ही बाई आमच्याकडे सात वर्षं आया म्हणून होती. ती स्वच्छ व प्रामाणिक आहे. मुलांशी मायेनं वागते. इस्त्री उत्तम करते. आम्ही मायदेशी जात असल्यामुळे तिला सोडत आहोत." त्यांनी कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं. "बाई, यात डोंगराचा उल्लेख नाही."

ही वेळ मी आणली होती. चिठ्ठी घरीच वाचली असती तर निदान ही पोरं समोर नसती.

"इस्त्री धोबी करायचा," आक्का म्हणाल्या.

वर्ग हसला. मागच्या बाकांवरून जरा जास्तच. आक्का हसू थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, "सायेब, त्यो दुसरा सबूद काय म्हणाला? स्वच्छच्या म्होरचा."

"प्रामाणिक."

"म्हंजे?"

"म्हणजे खरेपणानं वागणारी. खोटं न बोलणारी."

"तसं लिवलंय त्यात?"

"हो."

"खाली सही हाय?"

हेडमास्तरांनी पुन्हा बघितलं. "आहे."

"मग डोंगराचं येगळं कशाला लिवाय पायजे? मी खोटं बोलत न्हाई, असं लिवून दिलंय की तिनं."

हेडमास्तरांनी चिठ्ठीची घडी होती तशी घातली, उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ती आक्कांना परत दिली. मग ते आपल्या खोलीत गेले.

घरी परतताना आक्कांनी काठी टेकली नाही. काखेत धरून चालत होत्या. मी माफी मागायला लागलो, पण ती धड मागता येईना. आक्का माझी अडचण ओळखून म्हणाल्या, "तिचं काय चुकलं न्हाई, मास्तर. तिला त्या दिवशी दिसत न्हवतं. न बघितल्यालं कसं लिवंल?"

"पण सगळं लिहीन असं तिनं सांगितलं होतं ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "तेवढं मातर सांगितलंतं."

त्यानंतर पाच-सहा दिवस त्या डोंगराविषयी बोलल्या नाहीत. वाकळ शिवतानाही नाही, तांदूळ निवडतानाही नाही. शेजारची म्हातारी लुगड्याचं विचारून गेली, तिलाही उत्तर मिळालं नाही. गल्लीत चिठ्ठीची बातमी पोचली होती. एकदा आक्का बाजारातून येताना कुणीतरी 'इस्त्री करून देणार का' असं विचारलं. आक्कांनी धोब्याचं घर दाखवलं.

पुढच्या सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास मी शाळेला निघायच्या तयारीत होतो. बघतो तर हेडमास्तर गटाराच्या पलीकडे उभे. कोट, टोपी, सगळा शाळेचा वेष. आमची गल्ली त्यांच्या वाटेवर नव्हती. फिरायला निघालो होतो, असं ते म्हणाले. ते कधी फिरायला जात नसत. फळीवरून ते एकटेच आले, तेव्हा नियमाचा प्रश्न उद्भवला नाही.

आक्का अंगण झाडत होत्या. हेडमास्तर कट्ट्यावर टेकले. थोडा वेळ त्यांनी चैत्रातल्या उकाड्याविषयी मत दिलं. मग म्हणाले, "बाई, एक विचारायचं राहिलं होतं. धुक्यात काहीच दिसत नव्हतं म्हणालात. मग आपण डोंगराच्या माथ्यावर आलो, हे कळलं कसं?"

आक्कांनी खराटा भिंतीला टेकवला.

"काठीनं कळालं. दिसभर काठी हाताजवळ टेकत हुती. चढ हुता न्हवं. एकदा टेकली ती लांब. हात खाली गेला, मी वाकलो, तवा टेकली. म्हटलं, आता उतार."

"मग?"

"मग मागं ओरडून सांगितलं. वाटाड्यानं देवाचं नाव घेटलं. मडम म्हणाली, मला दाखव. तिचा हात धरून काठीवर ठेवला आन काठी खाली टेकवून दावली."

हेडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी पुस्तकं घेऊन दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो." मग आक्कांकडे वळून, जरा पुढे सरकून बसत म्हणाले, "पहिल्यापासून सांगा. त्या हमालाला ताप भरला तिथपासून."

त्या दिवशी शाळेची घंटा शिपायानं स्वतःच्या जबाबदारीवर वाजवली.